विषाचे कौतुक

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की पुष्कळ घरी तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतात आणि त्याचा रस जिभेच्या टोकाला लावतात. टोकालाच. पेलाभर पिण्याची चाल पूर्वजांनी पाडली नाही. कारीट, कडू काकडी, कडू दुधी ही एकाच कुळातली. त्यांच्यातला कडवटपणा हे त्या वेलींनी स्वसंरक्षणासाठी बाळगलेले विष आहे. आजीला त्याचे रासायनिक नाव ठाऊक नव्हते, पण माप ठाऊक होते. आज त्याच आजीची पदवीधर नातवंडे 'रक्तदाबावर उत्तम, किडनीवर उत्तम' असे म्हणत सकाळी अनशापोटी दुधी भोपळ्याचा रस पेलाभर घेतात, आणि तो कडू लागला तर औषध कडूच असायचे, या समजुतीने तोही गिळतात. असा कडू रस पिऊन रक्ताच्या उलट्या झालेली, रक्तदाब कोसळून दगावलेली माणसे या देशात निघाली. शेवटी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीला सांगावे लागले की बाबांनो, रस आधी चाखून पाहा आणि कडू लागला तर फेकून द्या.

सणाच्या अंकात विषाचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडील. पण धनत्रयोदशीला ज्या धन्वंतरीची आपण पूजा करतो तो ज्या मंथनातून वर आला, त्याच मंथनातून हलाहल त्याच्या आधी वर आले होते. तेव्हा क्रम काही मी मोडलेला नाही. विषय काढण्याचे कारण निराळे आहे. गेली काही वर्षे आमच्या नांदेड-लातूरकडे, मोबाईलवर आणि वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत, एक बातमी पुन्हा पुन्हा उगवते: सापाच्या विषापासून किडनीचे औषध सापडले! कधी साप आफ्रिकेतला असतो, कधी चीनमधला. कधी सापाच्या जागी विंचू, मधमाशी किंवा समुद्रफूल असते. ज्याच्या घरी आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी गाडी काढावी लागते तो अशा बातमीने हरखला तर नवल नाही. बुडत्याला काडीचा आधार. माझे भांडण त्याच्याशी नाही. ही बातमी पुढे ढकलताना तिच्याखाली 'निसर्गात सर्व काही आहे', 'आमच्या ग्रंथांत हे आधीच होते' आणि 'डॉक्टरी गोळ्यांनीच किडनी जाते' अशी तीन वाक्ये जोडणाऱ्या सुशिक्षितांशी आहे. ही वाक्ये आमच्या भागात माणसे मारीत आहेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

आधी ती बातमीच घेऊ. सापाच्या विषाच्या अभ्यासातून मूत्रपिंड वाचविणारे औषध निघेल काय? त्याचे उत्तर असे की ते निघून चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ते औषध नांदेडच्या वजिराबादेतल्या दुकानात मिळते, लातूरच्या गंजगोलाईत मिळते, उदगीरला मिळते, किनवटला मिळते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात त्याची पाकिटे या क्षणी पडलेली असतील, आणि त्यांतली काही अर्धीच वापरून टाकून दिलेली असतील. हीच खरी बातमी आहे. पण ती कोणी पुढे ढकलीत नाही, कारण तिच्यात साप दिसत नाही.

हकिकत ब्राझीलची आहे. तिथे जराराका नावाचा एक विषारी साप आहे, आपल्या घोणस-फुरशाच्या विस्तृत कुळातला. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. साओ पावलोचे एक शास्त्रज्ञ मौरिसियो रोशा ए सिल्वा आणि त्यांचे सहकारी यांनी या विषाचा रक्तावर काय परिणाम होतो हे पाहता पाहता, रक्तवाहिन्या सैल करणारे एक द्रव्य शरीरातच तयार होते असे शोधून काढले. त्याला त्यांनी ब्रॅडीकायनिन हे नाव दिले. हे साल १९४९. त्यांचे शिष्य सर्जिओ फरेरा यांनी १९६५ मध्ये दाखविले की त्या सापाच्या विषात असे काही घटक आहेत की जे या द्रव्याचा जोर वाढवितात. फरेरांनी ते विष लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेले. तिथे उमगले की हे घटक शरीरातल्या एका विशिष्ट विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवून धरतात; रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य तयार करण्याचे काम त्या विकराकडे असते. पुढे अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेट्टी या दोघांनी १९७५ च्या सुमारास तेच काम करणारा एक लहानसा रेणू प्रयोगशाळेत घडविला. त्याचे नाव कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आज आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात ती एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही सगळी त्याचीच भावंडे.

या हकिकतीतली एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहण्यासारखी आहे. या गोळ्यांत विषाचा कणदेखील नसतो. सापाच्या विषातला मूळ घटक तोंडाने दिला तर काहीच उपयोग होत नसे, कारण तो प्रथिनाच्या जातीचा, आणि पोटातला पाचकरस त्याची डाळ शिजवून टाकतो. तो सुईनेच द्यावा लागे. विषाने वाट दाखविली. चालावे माणसाला लागले. १९४९ पासून १९८१ पर्यंत, बत्तीस वर्षे. तेव्हा सापाचे विष घातलेली म्हणून जी पुडी कोणी विकतो, तिच्यात विष असेल तर ते पोटात पचून जाते आणि घेणाऱ्याला आराम पडला तर तो त्या पुडीतल्या दुसऱ्याच एखाद्या वस्तूने पडलेला असतो. ती दुसरी वस्तू काय, हे विकणारा सांगत नाही.

आता ही गोळी मूत्रपिंडाचे काय करते हे सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा वाद व्यर्थ आहे. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आत येण्याची एक नळी आणि बाहेर जाण्याची एक नळी. विष्णुपुरीला गोदावरीवरचे दरवाजे खाली उतरविले की मागे पाणी चढते, हे नांदेडकरांना सांगायला नको. मधुमेहात आणि वाढलेल्या रक्तदाबात नेमके हेच घडते: बाहेर जाणारी नळी आवळते, गाळणीत दाब चढतो, आणि वर्षानुवर्षे हा दाब सोसून गाळणीची जाळी फाटू लागते. मग जे प्रथिन रक्तात राहायचे ते लघवीवाटे वाहून जाते. लघवीला फेस येतो, पायांवर सूज येते. जराराकाच्या विषाने शिकविलेली ही गोळी बाहेरची नळी सैल करते. दरवाजे थोडे वर उचलले जातात. एवढेच तिचे काम. पण या एवढ्यावर माणसाची दहा-दहा वर्षे अवलंबून असतात.

याचा पुरावा कोणत्या साली मिळाला? १९९३. लातूरकरांना हे साल विसरता यायचे नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीची जमीन हलली, आणि आमच्याकडे ढिगारे उपसण्याचे काम अजून चालू होते त्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इन्सुलिनवर जगणारे आणि मूत्रपिंडाला इजा झालेले ४०९ मधुमेही. निम्म्यांना कॅप्टोप्रिल, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. मरण, डायलिसिस किंवा मूत्रपिंडाचे रोपण यांपैकी काही वाट्याला येण्याचा धोका कॅप्टोप्रिलवाल्यांत निम्म्याने कमी झाला. रक्तदाब उतरल्यामुळे जेवढा फायदा अपेक्षित होता त्याहून हा अधिक होता. त्या दिवसांत आम्हाला अमेरिकेच्या निबंधांकडे पाहायला सवड नव्हती हे समजू शकते. त्यानंतर एवढी वर्षे गेली, अजून सवड झालेली नाही हे मात्र समजू शकत नाही.

कारण आजही गावोगाव ऐकू येते ते असे: "गुरुजी, गोळ्या खाऊन खाऊन किडनी जाती म्हणं. म्या तर बंदच केल्या." शेतकरी म्हणतो, त्याला मी दोष देत नाही. पण पालकसभेला येणारे बँकेतले साहेब, तालुक्याचे वकील हेही हेच म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकून शेतकऱ्याला ते खरे वाटते. या म्हणण्यात एक अर्धसत्य दडलेले आहे आणि म्हणूनच ते मरत नाही. गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडते हे खरेच आहे. पण त्या गोळ्या कोणत्या? गुडघे दुखले, कंबर धरली, ऊस तोडून अंग मोडून आले, म्हणून किराणा घेतल्यासारख्या दुकानातून घ्यायच्या आणि महिनोन् महिने खायच्या वेदनाशामक गोळ्या. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन त्या घेतल्या तर अधिकच. या गोळ्यांना कोणी भीत नाही, कारण त्यांनी तासाभरात बरे वाटते. रक्तदाबाच्या गोळीने काहीच 'वाटत' नाही. म्हणून जी मारते ती चालू राहते आणि जी राखते ती बंद होते.

त्या राखणाऱ्या गोळीलाही खोडी आहेत; त्या लपवून मला वकिली करायची नाही. काहींना तिच्याने कोरडा खोकला लागतो. तो त्या ब्रॅडीकायनिनचाच प्रताप. अशांसाठी लोसार्टन, टेल्मिसार्टन ही दुसऱ्या वाटेने तेच काम करणारी औषधे आहेत. गर्भवतीला ही गोळी चालत नाही. जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी गेलेले असेल तेव्हा डॉक्टरांना विचारून ती थांबवावी लागते. ती सुरू केल्यावर थोड्या आठवड्यांनी रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते, आणि गंमत अशी की सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वर जाऊ शकते. गाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण असते. डॉक्टर तिच्यावर नजर ठेवतात. पण रिपोर्ट हाती पडला की घरातला शहाणा बोट ठेवून म्हणतो, पाहा, गोळीने किडनी बिघडली! आणि ज्या डॉक्टरांनी हे आधी दोन वाक्यांत सांगायला हवे होते ते पुढच्या रोग्याची नाडी धरून बसलेले असतात. त्यांच्यावर माझा राग आहेच.

आता 'निसर्गात सर्व काही आहे' या वाक्याकडे वळू. निसर्गात सर्व काही आहे, यात मूत्रपिंडाचा नाशही आला. पुन्हा १९९३ हेच साल. बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरातल्या डॉक्टरांनी त्या वर्षी लिहिले की वजन उतरविण्याच्या एका उपचारात चिनी वनस्पतींची चूर्णे घेतलेल्या तरुण बायकांची मूत्रपिंडे विलक्षण वेगाने सुकत आहेत. पुढे अशा बायकांची संख्या शंभरावर गेली. कित्येकींना डायलिसिसवर जावे लागले. काहींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. शोध घेता कळले की चूर्णात एका मुळीच्या जागी दुसरीच मुळी पडली होती, ॲरिस्टोलोकिया कुळातली. या कुळातले आम्ल मूत्रपिंडाचे पक्के वैरी आहे. बाल्कन देशांतल्या काही खेड्यांत पिढ्यान् पिढ्या मूत्रपिंडाचा एक गूढ रोग होता, त्याच्या मुळाशीही गव्हात मिसळणारे याच कुळातले तण निघाले. आणि आपल्याकडे? आपल्याकडे याच कुळातली वेल आहे, तिला ईश्वरी म्हणतात, काही ठिकाणी सापसंद म्हणतात, आणि ती सर्पदंशावर उगाळून देतात! ज्याच्या मूत्रपिंडावर घोणशीच्या विषाने घाला घातला आहे त्याच्या पोटात आणखी हे. केवढा हा योगायोग.

रोहू-कटल्याचे कच्चे पित्त डोळ्यांना आणि मधुमेहाला चांगले म्हणून गिळणारे आणि चार दिवसांत लघवी बंद होऊन इस्पितळात येणारे लोक या देशातल्या डॉक्टरांनी वारंवार पाहिले आहेत. कमरख हे दिसायला किती सुरेख फळ. निरोग्याला ते चालते, पण ज्याचे मूत्रपिंड निकामी आहे त्याच्या रक्तातून त्याचे विष बाहेर पडत नाही, आधी उचकी लागते आणि मग शुद्ध जाते. दक्षिणेतल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये लिहिले की लघवीतून प्रथिन जाण्याच्या एका विशिष्ट विकाराचे त्यांचे पुष्कळसे रोगी पारायुक्त देशी औषधे घेणारे होते. औषध बंद केल्यावर त्यांतले बहुतेक सावरले. पारा हाही निसर्गातलाच की!

राहता राहिले आमच्या ग्रंथांचे प्रकरण. ग्रंथ होते, आणि त्यांत विषाचा विचारही होता. तो मी नाकारीत नाही, उलट लोकांनी तो वाचावा अशी माझी विनंती आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगावर अध्याय आहे. उदर म्हणजे पोटात पाणी साठून ते नगाऱ्यासारखे होण्याचा रोग. सगळे उपाय हरल्यावर वैद्याने काय करावे हे त्यात सांगितले आहे. रोग्याचे नातेवाईक, मित्र, बायको यांना बोलवावे, राजाला कळवावे. काही केले नाही तर मृत्यू ठरलेला आणि केले तर जगण्याची शंका, हे त्यांच्यापुढे उघड बोलावे. त्यांची अनुमती घ्यावी. आणि मगच चवताळलेल्या सापाने दंश केलेले फळ, तेही विचार करून, रोग्याला द्यावे. काय आहे यात? विषाची जाहिरात आहे की विषाची भीती आहे? दोन हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस संमती मागतो, धोका सांगतो, साक्षीदार ठेवतो. आजच्या मोठ्या इस्पितळात नवे औषध आजमावताना जे संमतिपत्र लिहून घेतात त्याचा पूर्वज इथे उभा आहे. आणि चरकाचे नाव घेऊन पुडी विकणारा पुडीत काय आहे हेदेखील सांगत नाही. चरकाचा वारस कोण, हे वाचकांनी ठरवावे.

पुडी विकणारा म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे लगेच वैदू येईल. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भटक्या जमातींची माणसे दूरदूरहून येतात. मुळ्या, कंद, रंगीत खडे मांडून बसलेला वैदूही तिथे दिसतो. माझा रोख त्याच्यावर नाही. त्याचे पोट हातावर आहे, त्याच्या मुलांना शाळेने कालपरवापर्यंत आत घेतले नाही, आणि त्याला रानातली जेवढी झाडे ओळखता येतात तेवढी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना येत नाहीत. तो गिऱ्हाइकाची नाडी पाहून बोलतो, आणि गिऱ्हाईक मोटारीतून उतरून त्याच्याकडे येते. खरी पुडी आता छापील डबीत येते, तिच्यावर हिरवे पान काढलेले असते आणि खाली 'कोणताही अपाय नाही' असे लिहिलेले असते. ज्याला काहीच अपाय नाही त्याचा काही उपायही असणे कठीण, एवढा साधा विचार पदवीधर गिऱ्हाइकाला का सुचू नये? आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांनाही विष फार प्रिय; एखाद्या मुळीने मरणारा माणूस उठून बसला की प्रकरण कसे रंगते! पण कादंबरीतल्या माणसाचे क्रिएटिनिन तपासावे लागत नाही.

मग नव्या संशोधनात काही तथ्य नाही काय? आहे, आणि ते मोठे सुरस आहे. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या हिरव्या माम्बाच्या विषातून एक घटक वेगळा केला. मूत्रपिंडात पाण्याचे फोड होण्याचा जो आनुवंशिक रोग आहे तो झालेल्या उंदरांत त्याने फोड कमी झाले. चीनमध्ये तिथल्या नागाच्या विषाचे प्रयोग मूत्रपिंड बिघडविलेल्या उंदरांवर झाले आणि थोडा गुण दिसला. हे सगळे उंदरांत. उंदरापासून माणसापर्यंतची वाट जराराकाच्या वाटेइतकी लांब असू शकते, आणि बहुतेक औषधे त्या वाटेवर गळून पडतात. अमेरिकेच्या वाळवंटात गिला नावाचा विषारी सरडा आहे. त्याच्या विषात इंग या डॉक्टरांना १९९२ मध्ये एक द्रव्य सापडले. त्यावरून मधुमेहाचे एक इंजेक्शन २००५ मध्ये आले. त्याच जातीचे काम करणाऱ्या सेमाग्लुटाइडने, ३५३३ मधुमेही मूत्रपिंडरोग्यांवरच्या २०२४ च्या चाचणीत, मूत्रपिंड निकामी होण्यासारखे गंभीर परिणाम आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी कमी केला. ही बातमी वाचून कोणी आमच्या रानातल्या घोरपडीच्या मागे लागू नये म्हणून सांगून ठेवतो: गिला निराळा, घोरपड निराळी, तिला मारणे हा गुन्हा आहे आणि तिच्या तेलाने मूत्रपिंड सुधारत नाही.

पण परक्या देशांच्या सापांचे हे कौतुक मला खरोखर बोचते ते एका दुसऱ्याच कारणाने. आमच्या बांधावर आमचा साप आहे. घोणस. जाडजूड, अंगावर गोल साखळीचे ठिपके, डिवचली तर प्रेशर कुकरसारखी फुसकारणारी, आणि अजगराचे पिल्लू समजून लोक जिला हात लावतात ती. सोयाबीनच्या सुडीखाली, तुरीच्या ओळीत, उसाच्या पाचटात उंदीर असतात तिथे ती असते. तिच्या विषाचा अभ्यासही जगाने करून ठेवला आहे: १९३४ मध्ये इंग्लंडात ते रक्त न गोठणाऱ्या रोग्यांच्या जखमेवर रक्त थांबविण्यासाठी लावून पाहिले होते, आणि आजही रक्त गोठण्याच्या एका तपासणीत ते प्रयोगशाळेत वापरतात. मात्र ज्याला ती चावते त्याच्या रक्तातले गोठण्याचे द्रव्य या विषाने संपून जाते, हिरड्यांतून रक्त येते, रक्तदाब उतरतो, आणि मूत्रपिंड बंद पडते. विषातून मूत्रपिंडाचे औषध निघेल म्हणून आनंदाने टाळ्या पिटणारा हा समाज, विषाने मूत्रपिंड गेलेल्या आपल्याच सालगड्याकडे मात्र पाहत नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा मेलेल्यांचा आकडा. जे वाचले पण ज्यांचे मूत्रपिंड दुखावले ते या आकड्यात नाहीत. घोणशीच्या विषावर उतारा आहे; नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी एकच लस घोड्यांच्या रक्तापासून बनते, मुंबईच्या हाफकीनमध्ये ती पिढ्यान् पिढ्या बनत आली. वेळेवर दिली तर ती मूत्रपिंडही वाचवू शकते. मंदिराच्या पारावर, मांत्रिकापुढे तीन तास गेल्यावर दिली तर प्राण वाचतो आणि मूत्रपिंड जाऊ शकते. विष चढले की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रोग्याचे थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरपी करून पाहायचे. रक्त गोठले नाही तर लस सुरू. काचेची एक नळी आणि भिंतीवरचे घड्याळ!

अशा साध्या साधनांनी केवढे काम होते ते पाहायचे असेल तर डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे पाहावे. ते आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने पोरे मरताना त्यांनी पाहिली. त्यांनी त्या विंचवातून जादूची मुळी काढली नाही. रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची टिपणे ठेवली, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त, जुन्या गोळीने हे मृत्यू टळतात असे जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांतून सिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच माणसाने महाराष्ट्रातल्या पिण्याच्या पाण्यातले शिसे-कॅडमियम आणि मूत्रपिंडाचा विकार यांच्या संबंधावरही २०१० मध्ये लिहिले. आमच्याकडे किनवटच्या बाजूला विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा आमच्या पाण्याचा आणि आमच्या मूत्रपिंडांचा हिशेब मांडणारे आणखी चार बावस्कर नांदेड-लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून निघायला काय हरकत आहे?

आणि सरकार? जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते. आज तीच महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यात डायलिसिस बसते. ही मोठी गोष्ट झाली, तिला मी नावे ठेवणार नाही. मूत्रपिंड गेल्यानंतर यंत्र आहे. जाण्याच्या आधी काय आहे? शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे, तिच्यात सर्पदंश बसतो. पण तिचे कोष्टक काढून पाहा: मृत्यू आहे, हात आहे, पाय आहे, डोळा आहे. मूत्रपिंड नाही. घोणस चावून जन्मभर डायलिसिसला बांधला गेलेला माणूस त्या कोष्टकाच्या मते धडधाकट आहे. शिवाय योजना खातेदार शेतकऱ्याची आणि त्याच्या घरातल्या एकाची. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, आणि जो खातेदाराच्या शेतात वाकून पीक कापतो, त्याला चावलेली घोणस कोणत्याच कागदावर चावत नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला आणि प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असे राज्यांना कळविले. चांगले झाले. त्या नोंदीत मूत्रपिंडाचा एक रकाना असावा, आणि दंशातून उठलेला माणूस इस्पितळातून घरी निघताना त्याच्या हातात पुढच्या क्रिएटिनिनच्या तपासणीच्या तारखा लिहिलेला कागद द्यावा, एक महिन्याची, तीन महिन्यांची, वर्षाची, एवढे तरी आमच्या प्रतिनिधींनी मागावे. आश्रमशाळेला सभागृह मागताना त्यांचा कंठ फुटतो, इथेही फुटावा.

दिवाळी आटोपली की आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतील. गाडीत कोयते, भांडी आणि लेकरे असतील. पुढचे चार-पाच महिने ही माणसे फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत जमिनीवर झोपतील, अंधारात उठून फडात शिरतील, आणि अंग दुखले की वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा कोयता उचलतील. त्यांच्यातल्या किती जणांचा रक्तदाब निघण्यापूर्वी एकदा तरी मोजला गेला आहे, हे आपापल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन कोणीही विचारावे.